जुन्या तबकड्या आणि आपला इतिहास



इतिहासावर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणत्याही विद्यापीठाने दिलेला नाही. आमचे शिक्षण जिनिंग फॅक्टरीच्या आवारात, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. मजुरांच्या पगारपत्रकांचे हिशेब तपासता तपासता आम्हांला एक खोड जडली. कागदावर काय लिहिले आहे हे पाहण्याआधी काय लिहायचे राहिले आहे ते पाहावयाचे. तीच खोड घेऊन आम्ही गेली काही वर्षे ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या आणि जुन्या सीड्या गोळा करीत आहोत. आमच्या सहकाऱ्यांना या नादाचे प्रथम हसू आले. मजुरीच्या दराचा प्रश्न पडलेला असताना भंगारवाल्याच्या ढिगात गाणी कसली शोधता, असे त्यांनी आम्हांला तोंडावर विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर म्हणजे आजचे हे भाषण.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. राजेरजवाड्यांचे दप्तर पुराभिलेखागारात असते, सावकाराचे दप्तर त्याच्या तिजोरीत असते. परंतु ज्यांनी काही लिहिले नाही, ज्यांनी फक्त ऐकले आणि गायिले, त्यांचे दप्तर कोठे आहे? त्यातील एक लहानसा भाग या तबकड्यांवर कोरलेला आहे, आणि तो आज किलोच्या भावाने विकला जात आहे.

तबकडी आली कशी

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला. त्यात आवाज गोल नळीवर उमटत असे. पुढे दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीच्या यंत्राचे पेटंट घेतले. हा फरक वरवर क्षुल्लक दिसतो. पण नळीच्या नकला काढणे कठीण होते. तबकडीचा एकदा धातूचा साचा तयार झाला की त्यावरून हजारो प्रती दाबून काढता येत. छापखान्याने पोथीचे जे केले तेच या साच्याने गळ्याचे केले. गाणारा एका गावी आणि त्याचे गाणे हजार गावी, हा चमत्कार तेथून सुरू झाला, आणि गाण्याचा व्यापारही तेथूनच सुरू झाला.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग हा माणूस आपली यंत्रे घेऊन कलकत्त्यास उतरला. त्याने ज्यांचे गाणे मुद्रित केले त्यांत गौहर जान या विख्यात गायिका होत्या. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. साचे तेव्हा जर्मनीतील हॅनोव्हरला जात व तेथे तबकड्या दाबल्या जात. तिकडच्या कारागिरांना गाण्यातले अक्षर कळत नसे; त्यांनी योग्य तबकडीला योग्य चिठ्ठी लावावी म्हणून ही नाव सांगण्याची पद्धत उपयोगी पडे, असे जाणकार सांगतात. पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कंपनीने कारखाना काढला आणि १९२८ साली डमडम येथे मोठा कारखाना उभा राहिला. तेथपासून हिंदुस्थानातले गाणे हिंदुस्थानातच दाबले जाऊ लागले.

आता ही जुनी तबकडी कशाची केलेली असे ते पाहा. तिचा मुख्य पदार्थ लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा आपल्या अंगातून राळ सोडतो. ती राळ खरवडून, वितळवून, गाळून चपडा लाख तयार होते. जगाला ही लाख मुख्यतः आपल्याच देशाने पुरविली, आणि ती गोळा करणारे हात जंगलातल्या आदिवासींचे होते. लाखेत दगडाची बारीक पूड, रंगासाठी काजळी आणि बळकटीसाठी कापसाचे आखूड तंतू मिसळीत. यवतमाळसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. आमच्याच शेतातली रुई त्या तबकडीत गेली, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु गाणे कोणाचेही असो, ते ज्यावर उमटले ती भुई लाख गोळा करणाऱ्याच्या आणि कापूस वेचणारीच्या कष्टाची होती, एवढे निश्चित.

तीन मिनिटांचा नियम

दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या घेई, आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. हा नियम यंत्राने घातला, पण पाळावा लागला गवयाला. नाट्यगृहात एकेका पदाला 'वन्समोअर' मिळत मिळत रात्र सरे. तेच पद तबकडीसाठी तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे कोणती तान ठेवायची आणि कोणती सोडायची, याचा निवाडा गायकाने आधीच करावयाचा. बालगंधर्वांच्या, मास्टर दीनानाथांच्या, हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या ऐकताना आपण संपूर्ण मैफल ऐकत नसतो. मैफलीचा त्यांनी स्वतः काढलेला सारांश ऐकत असतो. ज्यांना हे माहीत नाही ते जुन्या गवयांवर उगाच दोन प्रकारचा अन्याय करतात. कोणी म्हणतात, एवढेच का ते गाणे? कोणी म्हणतात, पूर्वीचे लोक किती नेमके गात! दोघेही यंत्राचा गुण-दोष माणसाच्या माथी मारतात.

दुसरी गोष्ट काळाची. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर यांचा आवाज एका पिढीने कानांत साठविला. ते १९०१ साली वारले आणि गैसबर्ग १९०२ साली आला. एवढ्याशा अंतराने त्यांची तबकडी व्हायची राहून गेली. आमच्या संघटनेच्या कामात आम्ही असे पुष्कळ पाहिले आहे. कायदा लागू होण्यापूर्वी एक महिना जो निवृत्त झाला, त्याला काही मिळत नाही. इतिहासाचेही हिशेब असेच कोरडे असतात.

तिसरी गोष्ट ध्वनिवर्धकाची. १९२५ पर्यंत गाणाऱ्याला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे. नुसत्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलून रेघ उमटे. त्या साली विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले आणि मायक्रोफोन आला. मग हलक्या, जवळून बोलल्यासारख्या आवाजालाही तबकडीवर जागा मिळाली. मराठी भावगीत १९३० नंतरच घरोघर का गेले, याची कारणे वाङ्मयाच्या इतिहासात दिलेली असतात. त्यांत रविकिरण मंडळ असते, नवी कविता असते. मायक्रोफोन मात्र क्वचितच असतो. आमच्या मते तोही त्यात घातला पाहिजे.

विदर्भाचा वाटा

या भावगीताच्या जन्मात विदर्भाचा हात आहे, ही गोष्ट आपल्याकडे जितक्या अभिमानाने सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गजाननराव नव्हे, तर गोविंदराव जोशी, म्हणजे जी. एन. जोशी यांनी गायिली. ही दोन नावे लोक नेहमी एकमेकांत मिसळतात म्हणून मुद्दाम सांगतो. जोशी हे वकिलीचे शिक्षण घेतलेले, विदर्भातले गृहस्थ. १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या या गाण्याची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताच्या आरंभीच्या तबकड्यांत तिची गणना होते. पुढे हेच जोशी एच. एम. व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि कितीतरी थोर गायकांच्या तबकड्या त्यांच्या देखरेखीखाली निघाल्या.

नागपूरचे राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेले आणि शाहीर साबळे यांनी गायिलेले महाराष्ट्रगीत १९६० च्या सुमारास, राज्य स्थापन झाले त्या काळात, तबकडीवर आले. २०२३ साली शासनाने ते राज्यगीत म्हणून स्वीकारले. शासनाच्या कागदावर यायला त्याला ६० हून अधिक वर्षे लागली. लोकांच्या तोंडी ते त्या काळातच गेले होते, आणि त्यात तबकडीचा वाटा मोठा होता. आणि आपल्या या यवतमाळात १९७३ साली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष कोण होते? ग. दि. माडगूळकर. पुस्तकांच्या वाचकांनी त्यांना वाचले असेलच. पण संमेलनाच्या मांडवाबाहेर उभा असलेला हमाल त्यांना ओळखत होता तो रेडिओमुळे आणि तबकडीमुळे.

आणखी एक तबकडी आम्ही विशेष मानतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी बुद्धवंदनेला चाल लावली आणि तिची ध्वनिमुद्रिका निघाली. गंधर्व मंडळीत आणि प्रभातच्या चित्रपटांत नाव कमावलेला संगीतकार, पाली भाषेतील प्राचीन वचने आणि १९५६ च्या धर्मांतराचा काळ, या तिन्ही गोष्टी एका काळ्या तबकडीवर एकत्र आल्या. विदर्भातल्या वस्त्यांत ही वंदना पोथीआधी कानाने पाठ झाली. या तबकडीविषयी पुढे आम्हांला पुन्हा बोलावयाचे आहे.

चिठ्ठीवर नाव कोणाचे?

तबकडीच्या मधोमध कागदाची गोल चिठ्ठी असते. आमच्यासारख्याला गाण्याइतकीच ती वाचावीशी वाटते. तिच्यावर गायकाचे नाव असते, गाण्याचा पहिला शब्द असतो, कधी नाटकाचे नाव असते. साल मात्र बहुधा नसते. ते तबकडीच्या क्रमांकावरून आणि आतल्या कडेला दाबलेल्या साच्याच्या क्रमांकावरून शोधावे लागते. तबला कोणी वाजविला, सारंगी कोणी धरली, ऑर्गनवर कोण बसले, हे जुन्या चिठ्ठीवर जवळजवळ कधीच सापडत नाही. ती माणसे त्याच खोलीत बसली, त्यांनी त्याच तीन मिनिटांत घाम गाळला, त्यांचा हात आपल्याला आजही स्पष्ट ऐकू येतो. पण हजेरीपटावर त्यांचे नाव नाही.

वाजविणाऱ्यांचेच कशाला? १९४९ साली 'महल' चित्रपटातले अतिशय गाजलेले गाणे तबकडीवर आले तेव्हा गायिका म्हणून नाव छापले होते 'कामिनी'. हे चित्रपटातील पात्राचे नाव. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. लोकांनी रेडिओकडे पत्रे लिहून विचारावे की ही गाणारी कोण, अशी वेळ आली. पुढे पार्श्वगायकांची नावे छापली जाऊ लागली ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, मागणी केल्यामुळे. तबकड्यांच्या विक्रीत गायकाचाही वाटा असावा, ही मागणी लताबाईंनी १९६० नंतरच्या वर्षांत लावून धरली. महंमद रफी यांचे मत असे पडले की एकदा मोबदला घेतला की हक्क संपला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. पण युनियनच्या माणसाने कोणती बाजू घ्यावी हे सांगावयास नको. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही असे ठरले, आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचाही व्यापारी उपयोगातील वाटा मान्य झाला. ज्यांच्या तबकड्या आम्ही आज ढिगातून उचलतो, त्यांतल्या बहुतेकांना हा कायदा पाहावयास मिळाला नाही.

आता जे चिठ्ठीपर्यंत पोचलेच नाहीत त्यांचा विचार करा. आपल्या जिल्ह्यात बंजारा समाजाची गाणी आहेत, गोंड आणि कोलाम यांची गाणी आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत, निंदणाच्या वेळी बाया म्हणतात ती गाणी आहेत. कंपनी दुकानदाराला विचारी की काय खपेल, आणि दुकानदार ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे त्याची आवड सांगे. ज्याच्या घरी यंत्र नाही त्याची आवड बाजारात मोजलीच गेली नाही. नवल असे की सरकारी खात्याने ते थोडेसे केले. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात देशभरच्या बोलींच्या तबकड्या काढल्या गेल्या. साध्या माणसाला उभे करून बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट त्याच्या बोलीत सांगावयास लावीत. मध्य प्रांतातील बोलींचेही नमुने त्यांत आहेत. राज्यकर्त्यांचा हेतू काहीही असो, शंभर वर्षांपूर्वीचा बिगरगायक, बिगरपुढारी माणूस तेथे बोलताना सापडतो. आज हा संग्रह संगणकावर कोणालाही ऐकता येतो.

व्यापारी जगातही एक अपवाद दिसतो. १९३५ ते १९५५ या वीस वर्षांत मुंबईची 'यंग इंडिया' ही देशी कंपनी तबकड्या काढीत होती. मोठ्या कंपन्यांच्या दारात ज्यांना उभे राहता येत नसे अशा नव्या, अपरिचित गायकांना तिच्याकडे जागा मिळे. तिच्या तबकड्यांचे मोल फार दिवस कोणाला कळले नाही. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या, धोक्यातील दप्तरे वाचविण्याच्या योजनेतून त्यांचे जतन झाले. ते काम हाती घेतले डॉ. सुरेश चांदवणकर यांनी.

संग्राहकांची संघटना

चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले पदार्थवैज्ञानिक. १९९० साली मुंबईत ऑस्ट्रेलियन अभ्यासक मायकेल किनियर यांच्या पुढाकाराने आणि चांदवणकरांच्या साथीने 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. तिने 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचे नियतकालिक चालविले, सभासदांनी एकत्र बसून तबकड्या ऐकावयाच्या अशा बैठका घेतल्या, याद्या केल्या, कलावंतांची माहिती जमविली. आम्हांला या उद्योगात सर्वांत महत्त्वाचे काय वाटते? एकेकट्या शौकिनाचे वेड त्यांनी सामुदायिक कामात बदलले. एकटा संग्राहक आपल्या कपाटाला कुलूप लावतो. तो गेला की मुलगा कपाट विकतो. संघटना यादी करते, आणि यादी माणसामागे राहते.

मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात या मालाचे जाणते विक्रेते असत. आमच्याकडे तसे नाही. यवतमाळ, पुसद, दिग्रस, वणी येथे जुनी तबकडी शोधावयाची म्हणजे प्रथम भोंगेवाल्याचे घर शोधावे. लग्न असो, जयंती असो, गणपती असो, मांडवावर भोंगा बांधून तबकड्या वाजविणारे हे लोक आमच्या लहानपणी गावोगावी होते. त्यांच्याकडे पत्र्याच्या पेटीत ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्या आणि ३३ फेऱ्यांच्या मोठ्या तबकड्या उभ्या लावलेल्या असत. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या, हिंदी चित्रपटांची गाणी, हा त्यांचा माल. घरी यंत्र नसलेल्या मजुराने तबकडी ऐकली ती या भोंग्यावर, नाहीतर चहाच्या हॉटेलात. भीमसेन जोशी लहान असताना त्यांनी गदगला एका दुकानात अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकली आणि ते घर सोडून गाणे शिकावयास निघाले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. विकत न घेता ऐकलेल्या तबकडीनेही एवढे काम केले.

१९४८ साली अमेरिकेत लांब वाजणारी तबकडी आली. ती लाखेची नव्हे, विनाइल नावाच्या प्लॅस्टिकची. आपल्याकडे ७८ फेऱ्यांची तबकडी सत्तरीच्या दशकापर्यंत टिकली आणि मग थांबली. पाठोपाठ कॅसेट आली. तिने भोंगेवाल्याची पेटी अडगळीत टाकली. १९८२ साली जगात सीडी निघाली, थोड्या वर्षांनी ती आपल्याकडे आली. मग मोबाइलच्या दुकानात थोड्या पैशांत मेमरी कार्डावर शेकडो गाणी भरून मिळू लागली, आणि सीडीही अडगळीत गेली. दर वेळी नव्याने जुन्याला ढकलले. आणि दर वेळी ढकलताना काही गाणी नव्या गाडीत चढलीच नाहीत. जी खपतात ती चढतात. म्हणून 'सगळे आता मोबाइलवर मिळते' हे वाक्य आम्ही मानीत नाही. मिळते ते पुष्कळ. सगळे मात्र मिळत नाही. जुन्या सीडीचीही म्हणूनच आम्ही हेळसांड करीत नाही. तिच्या सोबतच्या पुस्तिकेत कधीकधी वादकांची नावे छापलेली असतात, आणि तीच सीडी मोबाइलवर गेली की ती नावे मागेच राहतात.

आमच्या हातून झालेली चूक

आता एक कबुली. पाच-सहा वर्षांपूर्वी, रेच्यावर उभे आयुष्य घालविलेले आमच्या संघटनेचे एक जुने सभासद कचेरीत आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेली एक तबकडी होती. बुद्धवंदनेची. त्यांच्या वडिलांनी ती घेतली होती. घरी यंत्र नव्हते. वस्तीत ज्यांच्याकडे यंत्र होते त्यांच्या अंगणात ती वाजे आणि वाजून झाली की पुन्हा यांच्या घरी येई. आता यंत्रही राहिले नव्हते. 'तुमी गोया करता म्हनून आनली,' ते म्हणाले.

तबकडीवर धुळीचा आणि तेलकट हातांचा थर होता. आम्ही विनाइलच्या तबकड्या पुसण्यासाठी ठेवलेले स्पिरिट कापसावर घेतले आणि ती पुसू लागलो. दोन हात फिरविले तोच कापूस काळा झाला. आम्हांला वाटले मळ निघतो आहे. तो मळ नव्हता, ती लाख होती. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. सुतार लाकडाला पॉलिश करतो ते त्याच आधाराने. आमच्या कचेरीसमोर बसणाऱ्या सुताराला जे ठाऊक होते ते इतिहासाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या आम्हांला ठाऊक नव्हते. कडेचा सुमारे बोटभर भाग निस्तेज झाला, रेघा पुसट झाल्या. यंत्रावर लावली तेव्हा पहिल्या ओळी खरखरीत बुडून गेल्या होत्या.

आम्ही त्यांच्या घरी जाऊन खरे ते सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'राहू द्या भाऊ. वंदना तं घरात सगळ्याइले पाठ हाये. पन बाबाच्या हातची वस्तू होती.' या दोन वाक्यांनी आम्हांला जे शिकविले ते कोणत्या पुस्तकात नव्हते. गाणे म्हणून पाहिले तर तबकडीची दुसरी प्रत कोठेतरी सापडेल. पण ती कोणी घेतली, कोणाच्या अंगणात वाजली, कोणाच्या बोटांचे तेल तिच्यावर बसले, या इतिहासाची प्रत एकच असते. आम्ही जो मळ म्हणून पुसावयास निघालो होतो, तोही त्यातलाच भाग होता.

करावे काय

म्हणून काही साध्या गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. ७८ फेऱ्यांची जड, काळी, पडली की फुटणारी तबकडी असेल तर तिला स्पिरिट लावू नये. मऊ कोरड्या कापडाने, फार तर किंचित ओलसर कापडाने रेघांच्या दिशेने पुसावी, आणि मधल्या चिठ्ठीला पाणी लागू देऊ नये. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. आपल्याकडचा उन्हाळा विनाइलला सोसत नाही. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली तबकडी एप्रिल-मे महिन्यांत वाकडी होते. पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लावावी, असा जुन्या यंत्राचा दंडक होता. तो न पाळल्यानेच पुष्कळ तबकड्या झिजल्या.

दुसरे, कायद्याविषयी. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे राहतो. त्याहून जुन्या तबकडीच्या मुद्रणावर कंपनीचा हक्क उरलेला नसतो. मात्र कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, हे विसरू नये. गाणाऱ्याच्या हक्कासाठी बोलणाऱ्याने कवीच्या हक्कावर पाय देऊ नये.

तिसरे आणि मुख्य. तबकडी विकायची असेल तर खुशाल विका. गरज सर्वांनाच असते, आणि जुन्या वस्तूला अलीकडे शौकीन गिऱ्हाईकही मिळते. पण विकण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: चिठ्ठीवर काय छापले आहे, क्रमांक काय आहे, ती घरात कोणी व केव्हा आणली, आणि कोणत्या प्रसंगी वाजत असे. वस्तू गेली तरी नोंद राहील. आमच्या संघटनेच्या कचेरीत अशा नोंदींसाठी आम्ही एक वही ठेवली आहे. विद्वानांना ती किरकोळ वाटेल. परंतु या जिल्ह्यातल्या माणसांनी काय ऐकून मन रमविले आणि काय ऐकून उठून उभे राहिले, याचा हिशेब कोणीतरी मांडावयास पाहिजे, आणि तो मांडण्यास एम. ए. व्हावे लागत नाही.

त्या वहीतली पहिली नोंद बुद्धवंदनेच्या त्या तबकडीची आहे. घेणाऱ्याचे नाव, वस्तीचे नाव, अंगण कोणाचे, हे सर्व तिच्यात लिहिले आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे: 'कडेचा भाग संघटनेच्या कार्यकर्त्याच्या हातून खराब झाला.' खाली आमची सही आहे.